मदत हवी आहे: सिनेबेंच (प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी) पास होतं, पण फ्लाइट सिममध्ये (विमान उडवायच्या खेळात) मशीन मधेच रीस्टार्ट होतं

उंचभरारी
तीन रात्री यातच गेल्या. प्रोसेसर ट्यून केल्यापासून उड्डाण चालू असताना मशीन आपोआप रीस्टार्ट होतंय. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. पडदा काळा होतो, आवाज तुटतो आणि थेट मदरबोर्डचा लोगो. कधी वीस मिनिटांत, कधी दोन तासांनी. काल अडीच तासांचं उड्डाण संपत आलं होतं. चाकं खाली, फ्लॅप्स पूर्ण, धावपट्टीचे दिवे समोर दिसतायत, आणि पाचशे फुटांवर सगळं काळं.
सिनेबेंच अर्धा तास सलग चालवलं, काही होत नाही. तापमानही ठीक आहे. सेटिंग नेहमीचंच. व्होल्टेज किती ठेवू एवढंच सांगा, शनिवारी ग्रुप फ्लाइट आहे.

धावपट्टी_२७
प्रोसेसर कोणता? सिम कोणतं? "नेहमीचं सेटिंग" म्हणजे नक्की काय? हे कळल्याशिवाय कोणी व्होल्टेजचा आकडा दिला तरी तो टाकू नका.

जुनाजाणता
पॉवर सप्लाय. माझ्याकडे अगदी असंच व्हायचं, काळा पडदा आणि रीस्टार्ट. दोन महिने सॉफ्टवेअरच्या मागे लागलो, शेवटी सप्लाय बदलला आणि त्या दिवसापासून एकदाही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसतेय का बघा. दिसत असेल तर विषय संपला.

उंचभरारी
हो, ४१ आहे! चार वेळा. पण सप्लाय ८५० वॉटचा आहे आणि वर्षही झालं नाही.

धावपट्टी_२७
थांबा, लगेच सप्लाय मागवू नका. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा चालू झालं. नावात पॉवर आहे म्हणून दोष पॉवरचा ठरत नाही. घरातली वीज गेली तरी ४१, रीसेटचं बटण दाबलं तरी ४१.

जुनाजाणता
माझ्या बाबतीत सप्लायच निघाला होता, मी अनुभवाचं बोलतोय.

नभचर
तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा इंटेल असेल तर आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर अस्थिर होत होते. त्यावर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) आले, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. वॉरंटीही आणखी दोन वर्षं वाढवली आहे. जुन्या बायोसवर एक दिवसही चालवू नका.

उंचभरारी
इंटेल नाही हो. रायझेन ७ ५८००एक्स, ३२ जीबी ३६०० रॅम, सिम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (एमएसएफएस) २०२०. पीबीओ (प्रोसेसरला आपोआप जास्त वेग घेऊ देणारं सेटिंग) चालू आहे, बाकी काही बदललेलं नाही.

स्थिरक्लॉक
पीबीओ बंद करा आणि सगळे कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) ४.६ गिगाहर्ट्झवर फिक्स करा. क्लॉक (वेग) वरखाली व्हायला नको, व्होल्टेज उड्या मारायला नको. मी दोन वर्षं असाच चालवतोय.

मेनथ्रेड
फ्लाइट सिमसाठी हा सल्ला मला पटत नाही. सिमचा सगळा भार एका मुख्य थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) असतो. डेव्हलपर मोडमधला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) काउंटर लावला की मोठ्या विमानतळावर "लिमिटेड बाय मेनथ्रेड" दिसतंच. ५८००एक्स हलक्या भारात एकेक कोअर ४.८५ पर्यंत नेतो. तो ४.६ वर बांधून टाकला तर जिथे वेग हवा तिथेच तो जातो.

स्थिरक्लॉक
अडीचशे मेगाहर्ट्झने दोन-तीन फ्रेम जातील. उतरताना मशीन बंद पडण्यापेक्षा ते परवडलं.

मेनथ्रेड
परवडलं, पण कारण सापडत नसेल तर. इथे अजून कोणी कारण शोधलेलंच नाही. @उंचभरारी, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ च्या आगेमागे डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरमधल्या चुकांची) नोंद आहे का? १८ नंबरची? ती उघडून आत जे लिहिलंय ते शब्दशः इथे टाका.

कॅशवाला
एक सुचवतो. त्याच मदरबोर्डवर ५८००एक्स३डी बसतो. तुमच्या प्रोसेसरला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) आहे, त्याला ९६. फ्लाइट सिमला कॅशचा जेवढा फायदा होतो तेवढा फार थोड्या खेळांना होतो. मी बदलला आणि विमानतळाजवळचे झटके जवळजवळ गेले. बायोस मात्र आधी अपडेट करावा लागेल.

उंचभरारी
नवीन प्रोसेसर घ्यायचा नाहीये, आहे तो चालायला हवा.
@मेनथ्रेड, सापडली. "कॅश हायरार्की एरर", प्रोसेसर एपीआयसी आयडी ४. अशा तीन नोंदी आहेत, आणि एकीत आयडी ५.

मेनथ्रेड
आता नेमकं सांगता येईल. आठ कोअरच्या या प्रोसेसरमध्ये एकेका कोअरला दोन आयडी असतात. ०-१ म्हणजे कोअर ०, २-३ म्हणजे कोअर १, ४-५ म्हणजे कोअर २. चारही वेळा तुमचा एकच कोअर पडलाय. सप्लाय कमी पडत असता तर दर वेळी तोच कोअर सापडला नसता.
आता खरं सांगा, कर्व्ह ऑप्टिमायझरला (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला) हात लावलाय का?

उंचभरारी
हो, लावलाय. सगळ्या कोअरना उणे ३० आणि बूस्ट (कमाल वेगाची मर्यादा) अधिक २०० मेगाहर्ट्झ. एका व्हिडिओत पाहिलं होतं. तो पीबीओचाच भाग आहे असं समजून वेगळं लिहिलं नाही. पण मग सिनेबेंच का पास होतं?

मेनथ्रेड
सगळी गोम तिथेच आहे. सिनेबेंचमध्ये आठही कोअर राबतात, वीज आणि उष्णतेची मर्यादा आड येते आणि क्लॉक साडेचारच्या आसपास थांबतो. त्या वेगाला कमी केलेलं व्होल्टेज पुरतं. सिममध्ये एका कोअरवर भार असतो, बाकीचे जवळपास मोकळे. मग तो एकटा कोअर पार वर जातो, अधिक २०० दिल्यामुळे पाच गिगाहर्ट्झच्या पुढेही, आणि तिथे तेच व्होल्टेज अपुरं पडतं. ढगांतून जाताना भार क्षणभर उतरतो, पुन्हा चढतो, त्या चढउतारातच तो कोसळतो. तापमान चांगलं असून उपयोग नाही, उलट थंड असला की तो आणखी वर जातो.
शिवाय विंडोज असं काम सगळ्यात चांगल्या कोअरकडे देतं, आणि चांगल्या कोअरला मुळातच कमी व्होल्टेज ठरवलेलं असतं. त्यातून आणखी काढायला वाव कमीच.
अधिक २०० आधी शून्य करा. मग कोअरसायकलर चालवा. तो एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ ही भाराची चाचणी लावतो. तिचा एसएसई मोडच ठेवा, एव्हीएक्स या दुसऱ्या मोडमध्ये भार जड होऊन क्लॉक खाली येतो आणि जे तपासायचं तेच राहून जातं. कोअर पडला की फक्त त्याचा आकडा पाचाने शून्याकडे आणा.
आणि एक, रायझेन मास्टर (एएमडीचं ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर) कोअर १ पासून मोजतो, बायोस ० पासून. तुमचा कोअर २ तिथे तिसरा दिसेल. मी स्वतः एकदा भलत्याच कोअरचा आकडा बदलत आठवडा घालवला होता.

धावपट्टी_२७
रॅमचीही एक चाचणी रात्रभर लावा. ३६०० म्हणजे एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) चालू असणार, तेही ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेग.

पैलतीर
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, माझं मशीन बंद पडत नाही, पण शहरावरून जाताना झटके बसतात. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू का?

कॅशवाला
आधी टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीवरचा तपशील किती दूरपर्यंत दिसावा ते सेटिंग) २०० वरून १०० वर आणून बघा. तो भार मुख्य थ्रेडवरच येतो. आणि फ्रेम सेकंदाला ३० वर बांधा. ४५ आणि २८ मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा संथ ३० डोळ्याला कितीतरी बरी वाटते.

स्थिरक्लॉक
३० वर मला तरी उतरता येत नाही. काठी हलवली की विमान उशिरा हलतंय असं वाटतं.

पैलतीर
१०० वर आणलं. झटके खूपच कमी झाले, लांबच्या इमारती जरा उशिरा उभ्या राहतात तेवढंच. आभार!

उंचभरारी
कोअरसायकलर रात्रभर लावलं. कोअर २ उणे ३० वर चार मिनिटांत पडला. उणे २५, २०, १५, प्रत्येक वेळी पडला, फक्त वेळ वाढत गेला. उणे १० वर टिकला. कोअर ५ सुद्धा एकदा पडला, तो आता उणे २० वर आहे. बाकी सहा उणे ३० वर ठीक दिसतायत. रॅमच्या चाचणीत एकही चूक नाही.
आज दुपारी तेच अडीच तासांचं उड्डाण पुन्हा केलं. पाचशे फुटांवर हात घट्ट झाले होते. चाकं टेकली, रिव्हर्स थ्रस्ट लावला, टॅक्सी करून गेटला आलो. इव्हेंट व्ह्यूअर कोरा आहे.

मेनथ्रेड
फार बरं वाटलं वाचून. पण कोअर २ उणे ५ वर आणा. एका रात्रीत टिकला म्हणजे महिनाभर टिकेलच असं नाही, आणि त्या पाचाने एक फ्रेमही जाणार नाही. बाकीच्या सहांनाही दोन-तीन रात्री आणखी द्या.

जुनाजाणता
सप्लाय नव्हता तर. तरी केबल्स एकदा काढून नीट बसवा.

उंचभरारी
बसवल्या. कोअर २ उणे ५ केला. आज रात्री पुन्हा लावून झोपतो, शनिवारनंतर कळवतो.