सासऱ्यांना सिल्व्हरस्टोन दाखवायचंय, जागा कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,

जुलैत बेळगावच्या शहापूरहून माझे सासरे येतायत. सगळं आयुष्य उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर गेलं, आणि आता नातवामुळं त्यांना फॉर्म्युला वनचा नाद लागलाय. शर्यत संपली की बेळगावहून फोन ठरलेला : ‘त्यानं टायर इतक्या लवकर का बदलला?’ मला उत्तर देता येत नाही. सिल्व्हरस्टोन, म्हणजे इंग्लंडमधली शर्यत होते तो ट्रॅक, आमच्या घरापासून जवळ, पण आम्ही कधी आत पाऊल टाकलेलं नाही. तिकीट महाग, शिवाय स्टँडच्या नावांनीच गोंधळायला होतं. मामंजींचं वय सत्तरच्या पुढं. त्यांना कुठं बसवू? आणि तिथं जाऊन त्यांना शर्यत कळेल का?

– मिल्टन कीन्सहून

———

ताई,

मी आता बेळगावजवळ येळ्ळूरला कायमचा आलोय, पण मंडळाच्या मेल रोज वाचतो. 2024 च्या जुलैत कॉव्हेंट्रीला असताना थोरल्या भावाला, अण्णांना, सिल्व्हरस्टोनला नेलं होतं. अण्णा शेतकरी, इंग्रजी शून्य. तरी त्या दिवशी शर्यत माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळली.

एक गोष्ट आधीच सांगतो. मैदानात गेल्यावर अख्खी शर्यत दिसत नाही. ट्रॅक 5.891 किलोमीटरचा, फेऱ्या 52. तुम्ही बसाल त्या वळणावर एक गाडी फार तर तीन सेकंद दिसणार. हिशोब केला तर तीन दिवसांचे पैसे मोजून तुमचा आवडता ड्रायव्हर रविवारी जेमतेम अडीच मिनिटं डोळ्यांसमोर असतो. म्हणून जागा निवडताना ‘इथून किती दिसतं’ हे विचारू नका, ‘इथं काय घडतं’ ते विचारा.

आम्ही बेकेट्स नावाच्या वळणांच्या बाजूला होतो. तिथं गाडी डावी-उजवी, परत डावी-उजवी अशी वळते, आणि तीही टीव्हीवर कधीच कळत नाही अशा वेगानं. पहिली गाडी गेली आणि अण्णांनी माझा दंड धरला. ‘अरे, ही वळताना थांबतच नाही की!’ नेमकं तेच बघायचं असतं. गाडीला पुढं-मागं बसवलेल्या पंखांवरून जाणारी हवा गाडीला जमिनीवर दाबून धरते, त्यामुळं वेग जास्त असेल तेवढी पकड जास्त. हळू गेलं तर उलट घसरायची भीती. हे मी वीस वेळा वाचलं होतं, पटलं मात्र त्या कुंपणाजवळ.

शनिवार अजिबात चुकवू नका. आपल्याकडं यात्रेत गाडा ओढण्याची शर्यत असते ना, एकेक बैलजोडी येते आणि एका मिनिटात गाडा किती फूट ओढला ते टेप लावून मोजतात. शनिवारच्या क्वालिफाइंगचा, म्हणजे रविवारी कुणी कितव्या जागेवरून सुटायचं ते ठरवणाऱ्या चाचणीचा, जीव तोच : शेजारी कोण आहे याला महत्त्व नाही, घड्याळाशी लढायचं. हळू असतील ते टप्प्याटप्प्यानं गळतात, शेवटी दहाच उरतात. अण्णांना एवढं एक वाक्य सांगितलं. मग पहिल्या फेरीनंतर गाडी हळू का चाललीय, हे तेच मला सांगायला लागले : ‘जोडीला दम खाऊ देत्यात.’ खरंच टायर आणि बॅटरी पुढच्या फेरीसाठी राखत असतात.

रविवारी पाऊस आला. कोरड्याचे टायर काढून सगळ्यांनी हिरव्या पट्ट्यांचे, म्हणजे थोड्या ओल्यासाठीचे, घातले. नंतर ऊन पडलं आणि खरी परीक्षा सुरू झाली : कोरड्यावर परत कधी जायचं? अण्णा गाड्यांकडं बघतच नव्हते. त्यांची नजर वाऱ्याकडं आणि ट्रॅकवर उमटलेल्या वाळक्या रेघेकडं. ‘वाळूलालाय बघ, आता बदलूदेत,’ म्हणाले. थोड्याच वेळात, 38 व्या फेरीला, ड्रायव्हर हॅमिल्टन टायर बदलायला आत आला आणि लाल पट्ट्यांचे सॉफ्ट, म्हणजे कोरड्यासाठीचे मऊ टायर, घेऊन गेला. पुढं असलेला नॉरिस एक फेरी उशिरा आला, शिवाय खुणेच्या थोडा पुढं थांबला. तिथंच शर्यत गेली. हॅमिल्टन 1.465 सेकंदांनी जिंकला, तोही 2021 च्या डिसेंबरनंतर पहिल्यांदा. बेळगावच्या पावसात भाताची रोपं लावलेल्या माणसाला ढग वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

तेव्हा माझं मत : बेकेट्स किंवा कॉप्स या वळणांजवळ बसवा, समोर मोठा पडदा असेल अशी जागा बघा, आणि कानात कॉमेंट्री असू दे. तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगत राहा.

– काका, येळ्ळूर

———

काका, मला हे पटत नाही.

मी मूळ निपाणीचा, सध्या सिंगापूरला. 2013 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीला मुख्य स्टँडात होतो. ड्रायव्हर वेटेलनं तिथं चौथं जागतिक विजेतेपद पक्कं केलं आणि आमच्यासमोर गाडी गोल गोल फिरवून धूर काढला, मग उतरून गाडीपुढं गुडघे टेकले. वळणावर बसलो असतो तर ते पडद्यावरच बघावं लागलं असतं.

आणि ताईंचे सासरे लेथवरचे. त्यांना पिट, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवून टायर बदलतात ती जागा, बघू दे. एका चाकाला एकच नट. एकजण नट सोडवायची-आवळायची गन लावतो, दुसरा जुनं चाक ओढतो, तिसरा नवं बसवतो. चारी चाकं अडीच सेकंदांच्या आतबाहेर. मॅक्लारेन संघानं 2023 ला कतारमध्ये हे 1.80 सेकंदांत केलंय. ज्यानं हातानं नट आवळलेत त्याला याची किंमत तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळेल.

———

निपाणीकर, तुमचं म्हणणं मान्य. लेथवरच्या माणसाचा विचार मी केलाच नव्हता. ताई, असं करा : शुक्रवारी सरावाला बेकेट्सकडं उभं राहून वेग बघून घ्या. शनिवार-रविवारचं तिकीट पिटसमोरचं काढा. सत्तरीच्या माणसाला बसायला नक्की खुर्ची मिळते, हेही आहे.

एक राहिलं. शर्यत संपल्यावर लोकांना ट्रॅकवर सोडतात तेव्हा घाईनं घरी निघू नका. अण्णांनी वाकून रबराचा एक तुकडा उचलला. करंगळीच्या पेराएवढा, काळाकुट्ट, कडांना गुंडाळलेला, अजून चिकट. टायर झिजताना असे तुकडे उडून वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचतात, म्हणून ठरलेली वाट सोडून पुढं जाणं एवढं अवघड. त्यांनी तो हुंगला, दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, ‘म्हणून तिकडनं कोण जाईना.’ तुकडा आज आमच्या घरी बियाण्याच्या डब्यात आहे.

– काका

———

काका, पिटसमोरची तीन तिकिटं काढली. मामंजींना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न : ‘नट कुठल्या धातूचा असतोय?’ कुणाला माहीत असेल तर कळवा, ते रोज विचारूलालेत.

– मिल्टन कीन्सहून