शब्दचर्चा: प्रोपगंडा म्हणजे अपप्रचार का?

चोपडा: दहावीच्या मुलांना हिटलरची जर्मनी समजावताना ‘प्रोपगंडा’ला मराठीत काय म्हणावं? एका गाइडात ‘अपप्रचार’ दिलाय. मला तो खटकतो.

धुळे: ताई, अपप्रचारच बरोबर. आपण कंडी पिकवणं, आवई उठवणं म्हणतो ना, तेच सरकारी पातळीवर.

अमळनेर: नाही भाऊ, हे पटत नाही. कंडी कुणीही पिकवतो आणि आठवडे बाजारात दुसरा कुणी ती खोडूनही काढतो. हुकूमशाहीत खोडून काढणाराच उरत नाही.

मार्च १९३३ मध्ये हिटलरचा मंत्री गोबेल्स याचं प्रचार मंत्रालय निघालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात संपादकांचा कायदा आला. सरकारी यादीत नाव नसेल तर वर्तमानपत्रात काम करता येईना, आणि ज्यूंना त्या यादीची दारं बंद. मग रेडिओ. ‘फोल्क्सएम्फेंगर’, म्हणजे जनतेचा रेडिओ, ७६ मार्कांना; त्या वेळच्या इतर सेटपेक्षा बराच स्वस्त. मॉडेलचा नंबर ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला चॅन्सलर झाला. घरोघरी एकच आवाज पोचला. सप्टेंबर १९३९ मध्ये परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा ठरलं. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं तर देहदंडापर्यंत शिक्षा.

मुलांना हे शेवटचं नक्की सांगा. लोकांनी विश्वास कसा ठेवला, असं ती विचारतात. सगळ्यांनी ठेवला नव्हता. पण मनात शंका असलेला माणूस शेजाऱ्याला भिऊन गप्प बसतो, शेजारीही तसाच गप्प, आणि दोघांनाही वाटतं की शंका फक्त आपल्यालाच आहे. ‘आख्खं गाव सांगस, मंग खरंच व्हई,’ असं म्हणत माणूस स्वतःचीच समजूत घालतो. एकेकट्या पडलेल्या अशा माणसांवर राज्य करणं सोपं जातं.

धुळे: म्हणजे खरी गोष्ट सांगितली तरी प्रोपगंडा?

अमळनेर: होऊ शकतो. जर्मनीत बेकारी उतरली हे खरंच होतं. पण नोकरीवरून काढलेले ज्यू आणि घरी बसवलेल्या कित्येक बायका त्या आकड्यांत धरल्याच नव्हत्या. याला निव्वळ खोटं म्हणता येत नाही, म्हणून ‘अपप्रचार’ तोकडा पडतो.

चोपडा: मग नुसतं ‘प्रचार’ लिहू?

अमळनेर: तो शब्द कृपा करून बदनाम करू नका. १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनासाठी साने गुरुजी आपल्याच खान्देशात गावोगाव फिरले, तोही प्रचारच. ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती. ‘प्रोपगंडा’ तसाच ठेवा आणि कंसात ‘विरोधी आवाज बंद करून केलेला सरकारी प्रचार’ असं लिहा. लांब आहे, पण अर्थ पुरा येतो.

शहादा: ‘प्रचारकी’ कसा वाटतो?

अमळनेर: तो बहुतेक कथा-कविता-नाटकाबद्दल वापरतात. राजवटीबद्दल नको.