सपाट रेखाचित्रातून तिरकी पाकळी कशी काढायची? मधोमध कणाच येतोय

लाकूडरेषा:
सीएनसीवर (संगणकाच्या सूचनांनी कोरणारं यंत्र) लाकडात कोरायला आठ पाकळ्यांच्या फुलाचं सपाट रेखाचित्र आहे, डीएक्सएफमध्ये (रेखाचित्राची फाइल). व्यास 160 मिमी, प्रत्येक पाकळी रुंदीला 38 च्या आसपास. फळी 18 मिमी जाडीची आणि उठाव 8 मिमीच्या आत ठेवायचाय. प्रत्येक पाकळीची डावी कड वर हवी आणि उजवी कड उतरत जाऊन शेजारच्या पाकळीखाली शिरायला हवी. ॲस्पायरमध्ये (कोरीवकामाचं सॉफ्टवेअर) व्हेक्टर, म्हणजे पाकळीची बाह्यरेषा, निवडून ‘क्रिएट शेप’मध्ये 20 अंशांचा कोन दिला, तर पाकळी छपरासारखी होते. दोन्हीकडून चढ आणि मधोमध कणा. कोन कमी केला की कणा बुटका होतो, पण जात नाही. एकाच दिशेचा उतार कसा द्यायचा?

उठावकाम:
कणा येणारच. त्या कोनाला डावं-उजवं कळत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदू जवळच्या कडेपासून किती लांब आहे ते बघतं आणि त्या प्रमाणात उंची देतं. तुमच्या पाकळीत मध्यापासून कड 19 मिमीवर, 20 अंशांना मधली उंची जवळपास 6.9 मिमी. दोन्ही कडा त्याच्या लेखी सारख्याच. दिशा तुम्हालाच सांगावी लागेल.

पण त्याआधी मूळ रेखाचित्राकडे बघा, खरी अडचण तिथे आहे. सपाट चित्रात पाकळीचा फक्त दिसणारा भाग असतो, झाकलेला भाग काढलेलाच नसतो. शेजारच्या दोन पाकळ्यांमध्ये एकच रेघ असेल, तर शिरायला काही उरतच नाही. तेव्हा एकच पाकळी घ्या आणि तिची उजवी कड शेजारणीखाली जिथवर गेली असती तिथवर स्वतः काढा. 10 मिमी पुरे. म्हणजे पूर्ण पाकळी 48 रुंद झाली. ती बंद आकृती असायला हवी, टोकं जुळलेली. मग तीच केंद्राभोवती 45-45 अंशांनी फिरवून आठ करा. या कामाला वेळ द्या. ज्या रिलीफमध्ये (उठावाच्या कोरीवकामात) पाकळ्या एकमेकींना चिकटवल्यासारख्या दिसतात, तिथे बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं.

आता उतार. पाकळीला आधी हलका गोलवा द्या, मध्यावर दीड मिमी, त्याहून जास्त नको. मग ‘टिल्ट’ चालू करून पहिला बिंदू खालच्या कडेवर, दुसरा वरच्या कडेच्या दिशेने, कोन 6 अंश. 48 मिमी रुंदीत 6 अंश म्हणजे 5 मिमी चढ. खालची कड जमिनीपासून 1 मिमी उचललेली ठेवा. तरी तुम्ही 8 च्या आतच राहता. वरची कड शेजारणीवर जिथे संपते, तिथे खालच्या पाकळीचा पृष्ठभाग, तिचा गोलवा धरून, तिच्यापेक्षा जवळपास 3 मिमी खाली असतो. सावली पडायला ती पायरी भरपूर आहे.

एकत्र करताना ‘ॲड’ नको, ‘मर्ज’ घ्या. ‘ॲड’मध्ये जिथे दोन पाकळ्या येतात तिथे उंच्यांची बेरीज होते आणि फुगवटा येतो. ‘मर्ज’ दोघींतली उंच ठेवतं. यातली सुंदर गोष्ट अशी की पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि आठवी पुन्हा पहिलीवर, हे चक्र आपोआप जमतं. प्रत्येक पाकळी एका कडेला उंच आणि दुसऱ्या कडेला खाली असल्यामुळे कोण वर, कोण खाली हा क्रम लावायची गरजच पडत नाही. नकला फिरवल्यावर उतारही सोबत फिरलाय का, ते मात्र त्रिमितीत तिरकं करून बघा. वरून बघितलं तर कळत नाही.

केंद्राजवळ आठही पाकळ्यांची टोकं दाटतात. तिथे वेगळा घुमट बसवून झाका.

तीनअक्ष:
ॲस्पायर नसेल तर फ्यूजनमध्येही (त्रिमितीय रचनेचं सॉफ्टवेअर) होतं. पाकळीच्या खालच्या कडेजवळ एक सरळ रेघ काढा, तिच्यावरून 6 अंशांनी झुकलेलं प्लेन (सपाट पातळी) घ्या आणि पाकळी तळापासून त्या प्लेनपर्यंत एक्स्ट्रूड करा, म्हणजे वर ओढून घन करा. मग ती बॉडी केंद्राभोवती आठ वेळा फिरवून जोडा. जोडल्यावर उंच भागच वर राहतो, म्हणजे परिणाम ‘मर्ज’चाच. वरचा भाग अगदी सपाट येतो. गोलवा हवा असेल तर प्लेनऐवजी लॉफ्ट केलेला, म्हणजे दोन-तीन रेघांमधून ताणून केलेला, वक्र पृष्ठभाग वापरा.

करडीछटा:
यापेक्षा चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पाकळीत काळ्यातून पांढऱ्यात जाणारी छटा भरा आणि ती हाइटमॅप म्हणून (छटा जितकी उजळ तितकी उंची) आणा. फार लवकर होतं.

उठावकाम:
होतं, पण फाइल 16 बिटची हवी आणि शेवटपर्यंत तशीच राहायला हवी. 8 बिटमध्ये करड्या रंगाच्या 256 च पातळ्या. 8 मिमी उंचीत एक पातळी 0.03 मिमीची, आणि 6 अंशांच्या उतारावर ती 0.3 मिमी रुंद पायरी होते. ओरखड्यांसारख्या त्या रेषा गुळगुळीत उतारावर लगेच दिसतात आणि पॉलिश केल्यावर आणखी उठतात. जेपीजी तर टाळाच. स्मूथ करून पायऱ्या घालवता येतात, पण त्यात पाकळीची धारदार कडही विरघळते, आणि या फुलाचा जीव त्या कडेतच आहे.

लाकूडरेषा:
झाकलेली कड काढून बघितली, चक्र जमलं. फिनिशिंगला 3 मिमी बॉलनोज (गोल टोकाचं टूल) आणि 0.3 मिमी स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांमधलं अंतर) पुरेल का?

उठावकाम:
पाकळीच्या उतारावर पुरेल. दोन फेऱ्यांमधला कंगोरा 0.0075 मिमी राहतो, पॉलिश पेपरचा हलका हात मारला की गेला. वरच्या कडेखाली, पायरीच्या तळाशी मात्र 1.5 मिमी त्रिज्येचा गोलवा उरेल, कारण टूल त्याहून आत जाऊच शकत नाही. तिथे सावली काळीभोर हवी असेल तर फक्त त्या कडांभोवती अरुंद सीमारेषा काढा आणि 1 मिमी टोकाच्या टेपर (निमुळत्या) बॉलनोजने दुसरा टूलपाथ, म्हणजे टूलची फेरी, द्या. पूर्ण फुलावर तो फिरवू नका, उगाच वेळ जाईल.