बाहेरच्या नाताळाच्या माळा: दव पडलं की आरसीसीबी पडतो

प्रश्न
छज्ज्याला पाच आणि फाटकावर एक, अशा १०० दिव्यांच्या सहा एलईडी माळा एकाला एक जोडून बाहेरच्या एकाच सॉकेटवर लावल्या आहेत. दिवसा ठीक चालतं, पहाटे दव पडलं की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. लोड जास्त होतोय का? जोडांवर टेप गुंडाळलेली आहे. रहिवासी समितीचेही नियम आहेत, त्यात काय बघावं?

तारजोड
लोडचा काही संबंध नाही. अशी माळ साधारण ५ ते १० वॅट घेते. सहांचे मिळून फार तर ६०. लोडने पडतो तो एमसीबी. आरसीसीबी विजेची गळती पकडतो, घरात बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो.

टेप आधी काढा. टेपच्या आत ओल शिरते ती बाहेर पडत नाही. जोड उघडलात तर पिना हिरवट झालेल्या दिसतील. मग ओल असतानाच एकेक माळ लावून बघा, दर वेळी स्विच बंद करून आणि कोरड्या हातांनी. एकटी कुठलीच पाडत नसेल आणि सगळ्या मिळून पाडत असतील, तर प्रत्येकीची थोडीथोडी गळती साचतेय. अशा वेळी तीन-तीनचे दोन भाग करून काही उपयोग नाही, आरसीसीबी तोच असतो. जोडच बदलावे लागतात.

नवे जोड जमिनीपासून उंच, तोंड खाली करून टांगा. सॉकेटपाशी येणारी तार आधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जातं. शेवटच्या माळेच्या मोकळ्या टोकाला टोपण आहे ना? बहुतेकांचं हरवलेलं असतं.

सज्जावाला
भर घालतो. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा. छज्ज्याखाली आयपी ४४ चालतं, फाटकावर उघड्यात आयपी ६५ घ्या. खोक्यावरचा आकडा पुष्कळदा फक्त माळेचा असतो, अ‍ॅडॅप्टर घरातच ठेवायचा असतो.

आणि सहा माळा सलग जोडायची परवानगी खोक्यावर आहे का बघा. वॅट कमी असले तरी पहिल्या माळेच्या बारीक तारेतून सहांचा प्रवाह जातो. जुनी फिलामेंटची माळ मध्ये घुसवू नका, ती १०० दिव्यांना ४० वॅटही घेते. रीळवालं एक्स्टेंशन असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं तापतं.

स्टेपल मारले असतील तर गळतीचा पहिला संशय तिथेच घ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपा वापरा.

शेजारधर्म
समितीच्या कागदात चार गोष्टी शोधा: कधीपासून कधीपर्यंत, रात्री किती वाजेपर्यंत, लुकलुकणारे चालतात का, भिंतीला भोक पाडता येतं का. तक्रार उजेडापेक्षा लुकलुकण्याची जास्त येते, कारण समोरच्याच्या पडद्यावर ते रात्रभर नाचतं. कंट्रोलर स्थिर ठेवा, टायमर लावा. पहाटेच्या दवात माळा बंदच असल्या तर रोजचा त्रासही वाचेल, पण जोड दुरुस्त करणं त्याने टळत नाही.

रस्त्याकडे लाल-निळे झपझपणारे दिवे नकोत, वाहनचालक फसतात. विजेच्या खांबाला किंवा घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरला माळ बांधू नका. शिडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर वरच्या तारांपासून किमान ३ मीटर लांब.

तारजोड
टायमरही बाहेर लावणार असाल तर तो बाहेरचाच घ्या. घरातला टायमर पिशवीत घालून टांगला की पिशवीतच पाणी साठतं.