सोलेक्स भंगारात घालण्याआधी निदान प्लग तरी बघा

देवगडकर: "पद्मिनीचा सोलेक्स काढा, मारुती ८००चा कार्बोरेटर बसवा, कटकट मिटली," असं काल इथे एकाने ठोकून दिलं. सोलेक्स म्हणजे प्रीमियर पद्मिनी गाडीचा मूळ कार्बोरेटर, पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग. राहवलं नाही म्हणून लिहितोय. मारुतीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पद्मिनीचं १०८९, चार सिलिंडर. ते बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकं, घेऊन फोंडा घाट चढा, मग कळेल. मिश्रण पातळ पडतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळतो. वडिलांची ८२ सालची गाडी मी आजही मूळ सोलेक्सवर चालवतो. आधी इग्निशनच्या पॉइंटचा गॅप, ठिणगीचं टायमिंग, व्हॉल्व्हचे टॅपेट बघा, मग कार्बोरेटरला हात लावा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळा, दीड फेरा सोडा आणि इंजिन गरम झालं की कानाने लावा. स्पार्क प्लग कॉफी रंगाचा आला की झालं; पांढरा आला तर मिश्रण पातळ.

लांजेकर: तो 'एक' मीच. जेट तसेच ठेवा असं मी कुठे म्हटलं? मोठा मेन जेट घातलाय, बसवायला खाली प्लेट करून घेतलीय. सोलेक्सच्या बटरफ्लायची, म्हणजे आतल्या झडपेची, दांडी झिजली की बाजूने हवा ओढते. मग स्क्रू फिरवून बोटं झिजवा, आयडलिंग खालीवर होणारच. बूश मारून देतो म्हणणाऱ्या टर्नरकडे दोन महिने खेपा घातल्या, तेव्हा कुठे हा निर्णय घेतला.

कुडाळची ताई: आणि पेट्रोलचं कोण बोलणार? २०२३ला मोजक्या पंपांवर आलेलं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल, आता सगळीकडे आहे. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जेट तोच, पण मिश्रण पातळ. माझी गाडी पावसाळाभर पडवीत होती. गणपतीत कार्बोरेटरचा बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) उघडला तर तळाला पाणी नि पांढरट गाळ, पेट्रोल अडवणारी सुई हिरवी पडून चिकटलेली.

देवगडकर: सगळं इथेनॉलवर ढकलू नका. चार महिने गाडी उभी ठेवलीत, चूक तुमची. मी पंपाची नळी काढून बाऊल कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतो.

कुडाळची ताई: चूक माझी? मी रसायनशास्त्र शिकवते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जुलैत भिंतींना पाणी सुटतं. बाऊल कोरडा केलात, टाकीचं काय? जुनी गाडी सांभाळणाऱ्याला साधं पेट्रोल मिळायला नको? आणि अशा वेळी तुम्ही मलाच दोष देताय.

मालवणचो फिटर: भांडतास कित्याक? ई२० इल्यापासून मी पद्मिनीक मेन जेट एक नंबर मोठोच घालतंय. प्लग पांढरो येवचो बंद झालो.

देवगडकर: आत्ता प्लग काढले. चारही पांढरट. ताई, तुमच्यावर चिडायला नको होतं. जेट मागवतो. पण मारुतीचा कार्बोरेटर माझ्या गाडीवर चढणार नाही.

लांजेकर: नका चढवू. फक्त जेट येईपर्यंत घाट टाळा. आणि एअर फिल्टर काढून बटरफ्लायची दांडी हाताने हलवून बघा.

देवगडकर: बघितली. हलते.