गिटारला दोष देण्याआधी तबकडीचा वेग बघा
'१९२०-३०च्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) तबकड्यांवर गिटार दोन सुरांच्या मधेच लागलेली असते, कारण वादक ती कशीही जुळवायचे' हे मत अर्धंच पटतं. एकटा वादक आपल्या गळ्याला सोयीच्या सुरात गिटार लावायचा हे खरंच. पण तेव्हाची प्रत्येक तबकडी मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवरच कोरली जायची असं नाही. वेगात ६ टक्के, म्हणजे जेमतेम साडेचार फेऱ्यांचा फरक पडला तरी अख्खा अर्धा सूर सरकतो. त्यामुळे आधी मोकळ्या तारा ओळखायच्या (ओपन जी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजेल अशी जुळणी, असेल तर जाड तारेकडून डी-जी-डी-जी-बी-डी), मग वेग थोडा कमीजास्त करून आपल्या गिटारशी जुळवायचं.

आणि अशा जुन्या तबकडीवर एलपीची (नंतरच्या, बारीक खाचेच्या तबकडीची) सुई कृपा करून लावू नका! तिचं टोक सुमारे १८ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते रुंद खाचेच्या तळाशी घासतं आणि नुसती खरखर ऐकू येते. इथे ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक हवं. पुसायला अल्कोहोल तर अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते.