मदत हवी आहे: हंगेरी विरुद्ध युरोपियन पार्लमेंट केस
एलएलएमच्या सेमिनारसाठी ही केस घेतलीये, कोणी नीट वाचली असेल तर प्लीज सांगा. 12 सप्टेंबर 2018 ला पार्लमेंटने हंगेरीविरुद्ध ईयू कराराच्या कलम 7 चा (ईयूच्या मूल्यांचा गंभीर भंग होण्याचा धोका असलेल्या सदस्य देशाविरुद्धची प्रक्रिया) ठराव केला, बाजूने 448, विरोधात 197 आणि 48 तटस्थ. ठरावाला दिलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश लागतात; तटस्थ धरले तर तेवढी होतच नाहीत, सोडले तर आरामात होतात, आणि हंगेरी कोर्टात गेली ती मुख्यतः ह्याच मुद्द्यावर. जून 2021 मध्ये लक्झेंबर्गच्या कोर्टाने (ईयूचं न्यायालय) तटस्थ म्हणजे 'दिलेलं मत' नाही म्हणत दावा फेटाळला. इथपर्यंत पटतं मला. पण ठराव तर नुसता प्रस्ताव होता ना, पुढचा निर्णय कौन्सिलचा (सदस्य देशांच्या सरकारांची परिषद), मग कोर्टाने दावा मुळात ऐकलाच कसा? हंगेरीच्या नागरिकांच्या आश्रयाच्या अर्जांवर ठरावाचा लगेच परिणाम होतो असं काहीतरी कारण दिलंय, ते सोपं करून सांगेल का कोणी?